पाठदुखीच्या गोळ्या आणि पोटातला अल्सर : एक प्रकरण

पार्श्वभूमी

जुन्नर भागातून रात्री वाशीच्या बाजारात भाजीपाला नेणारे टेम्पोचालक पुष्कळ आहेत. त्यांतलेच हे एक. वय पन्नाशीच्या जरा पुढे. आपण त्यांना तात्या म्हणू. नाव अर्थातच खरं नाही आणि ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.

तात्यांचा दिनक्रम असा : संध्याकाळी सहाच्या सुमारास घरी जेवण, मग क्रेट भरायचे, माळशेज घाट उतरायचा, मध्यरात्रीपर्यंत वाशी गाठायची आणि पहाटे रिकामी गाडी घेऊन परत फिरायचं. वाटेत चहा आणि मळलेली तंबाखू. दारू नाही. मधुमेह-रक्तदाब नाही, म्हणजे तोवर कुणी तपासून सांगितलेला नव्हता.

सात-आठ महिन्यांपासून त्यांची पाठ दुखत होती. कंबर नव्हे. दोन्ही खांद्यांच्या पात्यांच्या खाली, कण्याच्या आसपास, आतून कुणीतरी दाबल्यासारखं. टेम्पो चालवणाऱ्याची पाठ दुखते यात कुणालाच नवल वाटलं नाही, त्यांना स्वतःलाही नाही. स्टँडवरच्या मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी सुरू झाली. आधी अधूनमधून, मग रोज एक, माल जास्त असेल त्या दिवशी दोन.

गोळ्यांनी भागेना तेव्हा ते हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. कमरेचा एमआरआय झाला. चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी थोडी फुगलेली दिसली. पट्टा, व्यायाम, जरा जास्त ताकदीची वेदनाशामक गोळी आणि तिच्याबरोबर सकाळी उपाशीपोटी घ्यायची पॅन्टोप्राझोल, असं सगळं रीतसर लिहून मिळालं. तात्यांनी त्यातली पॅन्टोप्राझोल पहिल्याच आठवड्यात सोडली. "मला पित्त कुठंय, मग ती पित्ताची गोळी कशाला?" असा त्यांचा हिशोब होता. ही गोळी पित्तासाठी नसून दुसऱ्या गोळीपासून जठराला वाचवण्यासाठी आहे, हे त्यांना कुणी फोडून सांगितलं नव्हतं. चिठ्ठीवर ते कळायला मार्गही नसतो.

पुढे थकवा आला. गावातल्या दवाखान्यात हिमोग्लोबिन १०.२ निघालं आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. पोटाची सोनोग्राफीही झाली. ती नॉर्मल आली, तेव्हा पोटाचा विषय संपला असं सगळ्यांनी धरलं. सोनोग्राफीत पित्ताशयातले खडे दिसतात, मूत्रपिंड दिसतं, यकृत दिसतं. जठरातला किंवा आतड्याच्या सुरुवातीच्या भागातला अल्सर सहसा दिसत नाही. ते काम तोंडावाटे आत घालायच्या दुर्बिणीचं, म्हणजे एंडोस्कोपीचं.

अडचण नेमकी काय होती

तात्या आमच्याकडे आले ते पाठीसाठी नव्हेच. सकाळी अंथरुणातून उठताना घेरी आली म्हणून बायकोने ओढून आणलं. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांची मागणी एकच होती, "डॉक्टर, कमरेत एक इंजेक्शन ठोका, पाठ मोकळी झाली की मी चाललो. गाडी भरायचीय."

कुठे दुखतं विचारलं तर हात मागे गेला. पोटात काही होतं का, तर "नाय, पोटाचं काय नाय." जळजळ? नाही. करपट ढेकर? नाही. इथे प्रश्न थांबले असते तर चित्र पाठदुखीचंच राहिलं असतं. म्हणून कुठे दुखतं ते सोडून कधी दुखतं ते विचारायला घेतलं.

जड क्रेट उचलताना पाठ दुखते का? "नाही, तेव्हा काही नसतं." हे चमत्कारिक होतं. स्नायूंची किंवा मणक्याची पाठदुखी बहुतेक वेळा हालचालीने वाढते आणि पडून राहिलं की कमी होते. तात्यांचं उलट. दुखायचं ते रात्री दहा-अकराला, घाट उतरून गेल्यावर. मग ते एका टपरीवर गाडी लावायचे. "खाली उतरून पाय मोकळे केले की पंधरा-वीस मिनिटांत पाठ सुटते." टपरीवर आणखी काय करता? "काय करणार, चहा, वडापाव. गोळी घ्यायची."

गोळी, वडापाव आणि पाय मोकळे करणं, तिन्ही एकाच वेळी. तात्या श्रेय पाय मोकळे करण्याला देत होते आणि गोळीला. वडापावाचा संशय कुणालाच आला नव्हता.

उलगडा काकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोने केला. त्या म्हणाल्या, "गाडीला सुट्टी असली तरी ह्यांचं दीड-दोनला उठणं ठरलेलं. उठतात, दूध-भाकरी कुस्करून खातात आणि गुमान झोपतात. मी म्हणते, एवढी कसली भूक लागते रात्रीची?" घरी टपरी नव्हती, चालणं नव्हतं, गोळीही नव्हती. राहिलं होतं फक्त खाणं.

पोट रिकामं झाल्यावर, म्हणजे जेवणानंतर दोन-तीन तासांनी आणि मध्यरात्रीनंतर दुखणं, आणि काही खाल्लं की थांबणं, ही लहान आतड्याच्या पहिल्या भागातल्या, म्हणजे ड्युओडेनममधल्या अल्सरची जुनी ओळख आहे. जठरातल्या अल्सरमध्ये पुष्कळदा उलटं होतं : खाल्लं की दुखतं, माणूस जेवायला भितो, वजन उतरतं. दोन्ही नियम पुस्तकात जितके ठसठशीत आहेत तितके माणसांत नसतात. त्यावरून निदान पक्कं करू नये, पण दिशा नक्की मिळते.

मग विचारलं, हे अजूनही असंच होतं का? तात्या थोडे थांबले. "पंधरा दिवस झाले, आता खाल्लं तरी थांबत नाही. दिवसभर मुरतंय." माझ्या मते या सगळ्या बोलण्यात हे वाक्य सर्वांत महत्त्वाचं होतं. महिनोन्महिने ठरावीक वेळी येणारी आणि खाल्ल्यावर जाणारी वेदना ताल सोडून सतत राहायला लागते, पाठीत खोल जाते, तेव्हा अल्सर आतड्याच्या भिंतीच्या पलीकडे पोचल्याची शंका घ्यावी लागते.

पोटातली जखम पाठीत का दुखते

जठर आणि ड्युओडेनमच्या सुरुवातीच्या भागाच्या संवेदना मज्जारज्जूत साधारण छातीच्या पाचव्या ते नवव्या पातळीवर पोचतात, आणि दोन्ही बाजूंनी पोचतात. आतल्या अवयवांच्या नसा त्वचेच्या मानाने फार विरळ. त्यामुळे मेंदूला नेमकी जागा सांगता येत नाही. तो वेदना मधोमध टाकतो, छातीचं हाड संपतं तिथपासून बेंबीपर्यंतच्या पट्ट्यात. बहुतेक रुग्ण तिथे बोट न ठेवता पंजा फिरवून दाखवतात. याच पट्ट्यात पित्ताशय, स्वादुपिंड आणि कधी कधी हृदयसुद्धा आपलं दुखणं आणून ठेवतं.

अल्सर ड्युओडेनमच्या मागच्या भिंतीवर असेल तर गोष्ट बदलते. तिच्या लगत स्वादुपिंड आहे आणि तिथूनच गॅस्ट्रोड्युओडेनल नावाची जाड धमनी जाते. जखम खोल गेली की वेदना आरपार पाठीत जाते. धमनी कुरतडली गेली तर रक्तस्राव होतो. पुढच्या भिंतीवरचा अल्सर मात्र फुटतो तो पोटाच्या पोकळीत : अचानक असह्य कळ आणि लाकडासारखं कडक झालेलं पोट. आम्ल आणि हवा वर छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला लागली की खांद्याच्या टोकाला दुखतं. स्राव उजव्या कडेने खाली उतरला तर अपेंडिक्ससारखं उजव्या ओटीपोटात दुखतं. मूकपटांचा नट रुडॉल्फ व्हॅलेंटिनो १९२६ मध्ये न्यूयॉर्कला असाच गेला. लक्षणं अपेंडिक्सची वाटली, शस्त्रक्रियेत अल्सर फुटलेला सापडला. अल्सरच्या अशा फसव्या दुखण्याला आजही त्याचंच नाव आहे.

आणि काहींना काहीच दुखत नाही. वेदनाशामक गोळ्या नियमित घेणाऱ्या वयस्कर माणसांत पुष्कळदा पहिलं लक्षण रक्तस्राव हेच असतं.

समोर असलेले पर्याय

तात्यांना झोपवून पोटाच्या वरच्या भागात खोल दाबलं तर ते कळवळले. "पोटाचं काय नाय" म्हणणाऱ्या माणसाला ते स्वतःलाच नवीन होतं. नाडी ११२, झोपून रक्तदाब ११०/७०, उभं केल्यावर ९०. शौचाचा रंग विचारला तर काळा, पण लोहाच्या गोळ्या चालू. त्याही शौच काळी करतात.

पहिलं काम ईसीजी. पन्नाशीतल्या तंबाखू खाणाऱ्या पुरुषाच्या पोटाच्या वरच्या भागातल्या दुखण्याला, आधी हृदय तपासल्याशिवाय, पित्त किंवा अल्सर म्हणू नये. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका नेमका तिथेच दुखू शकतो. ईसीजी ठीक होता.

त्यानंतर तीन वाटा होत्या.

एक, वेदनाशामक बंद करायची, पॅन्टोप्राझोल सुरू करायची आणि आठवडाभराने बोलवायचं. हिमोग्लोबिन चांगलं असतं, नाडी शांत असती, तर ही वाट अगदीच चुकीची नव्हती.

दोन, लोह थांबवून तीन-चार दिवस शौचाचा रंग बघायचा. ऐकायला शास्त्रशुद्ध वाटतं. पण उभं राहिल्यावर रक्तदाब उतरतोय अशा माणसाकडे तीन दिवस नसतात. शिवाय लोहाची काळी शौच आणि रक्ताची काळी शौच यांत फरक कळतो. लोहामुळे ती हिरवट-काळी आणि बांधलेली असते. पचलेल्या रक्ताची शौच डांबरासारखी चकचकीत आणि चिकट असते, पाणी टाकूनही भांड्याला धरून बसते, आणि तिचा वास एकदा घेतलेला माणूस विसरत नाही. गुदमार्गाची तपासणी केली. हातमोज्यावर आलं ते दुसऱ्या प्रकारचं. या तपासणीला रुग्ण लाजतात आणि खरं सांगायचं तर गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरही ती टाळतात. इथे निर्णय तिच्यावरच झाला.

तीन, लगेच पुण्याला, जिथे रात्रीही एंडोस्कोपी होते अशा ठिकाणी पाठवायचं. ठरलं ते हेच.

तात्यांचा भाऊ बाहेर उभा होता. त्याचा प्रश्न रास्त होता : "पाठ दुखतीय तर पोटात दुर्बीण कशाला घालायची? सकाळी नेलं तर नाही चालणार? माल भरलाय." त्याला लांबलचक समजावण्यात अर्थ नव्हता. त्याच्यासमोर तात्यांना आडवं आणि उभं करून दोनदा रक्तदाब मोजला आणि आकडे दाखवले. आत कुठेतरी रक्त जातंय आणि ते पाठीत जाऊ शकत नाही, एवढं सांगितलं. दुसरा ड्रायव्हर शोधायला तो स्वतःच निघाला.

काय केलं

शिरेतून सलाईन आणि पॅन्टोप्राझोल सुरू करून १०८ ची गाडी बोलावली. तात्या इंजेक्शन मागतच होते. डायक्लोफिनॅक कमरेत टोचलं तरी जठराला तितकाच धोका असतो, कारण ते रक्तातून काम करतं. जठराच्या अस्तराचं रक्षण करणारी प्रोस्टाग्लॅंडिनं तिथेही कमी होतात. "गोळी पोटाला लागते म्हणून इंजेक्शन घ्या" हा समज गावोगाव आहे. तो चुकीचा आहे.

पुण्यात हिमोग्लोबिन ७.६ निघालं, युरिया वाढलेला आणि क्रिएटिनिन नॉर्मल, म्हणजे मूत्रपिंडं ठीक. आतड्यात पचलेलं रक्त म्हणजे प्रथिनंच. ती शोषली गेली की युरिया वाढतो. रक्तस्राव अन्नमार्गाच्या वरच्या भागात असल्याची ही खूण.

नातेवाइकांचा आग्रह तातडीने दोन-तीन बाटल्या रक्त चढवण्याचा होता. डॉक्टरांनी हात आखडता घेतला. हृदयविकार नसलेल्या आणि स्थिर असलेल्या रुग्णात हिमोग्लोबिन ७ च्या खाली जाईपर्यंत थांबणं हिताचं ठरतं. जास्त रक्त दिलं तर पुन्हा रक्तस्राव होण्याची शक्यता उलट वाढते. सलाईननंतर ते ६.७ झालं तेव्हा एक पिशवी दिली.

दुर्बीण दुसऱ्या दिवशी सकाळी, चोवीस तासांच्या आत झाली. ड्युओडेनमच्या मागच्या भिंतीवर सुमारे दीड सेंटिमीटरचा खोल अल्सर आणि त्याच्या तळाशी उघडी पडलेली रक्तवाहिनी. त्या क्षणी वाहत नव्हती, पण अशी रक्तवाहिनी तशीच सोडली तर पुन्हा फुटण्याचा धोका मोठा. तिच्याभोवती ॲड्रेनलिन टोचून क्लिप लावली. पुढचे तीन दिवस आम्ल दाबणारं औषध शिरेतून चालू.

याच वेळी अल्सर करणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूसाठी जठराच्या अस्तराचा तुकडा घेऊन झटपट चाचणी केली. ती निगेटिव्ह आली. सुटीच्या कार्डावर "एच. पायलोरी नाही" असं लिहून मोकळं होणं सोपं होतं. पण रक्तस्राव चालू असताना आणि आम्ल दाबणारी औषधं पोटात असताना ही चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून कार्डावर "चाचणी पुन्हा करावी" असा शेरा पडला. ज्याने तो लिहिला त्या तरुण निवासी डॉक्टरचं मला कौतुक वाटतं.

परिणाम

वेदनाशामक बंद, पॅन्टोप्राझोल दोन महिने, नाश्त्याच्या अर्धा तास आधी. तिसऱ्या आठवड्यात तात्या म्हणाले, "पाठ दुखायची थांबली. पट्टा लावत नाही आता." टेम्पो तोच होता, सीट तीच होती, कण्यातली फुगलेली गादीही तिथेच होती. पन्नाशीत पाठ अजिबात न दुखणाऱ्या निम्म्याहून अधिक लोकांच्या एमआरआयमध्ये अशी गादी दिसते.

दोन महिन्यांनी पॅन्टोप्राझोल दोन आठवडे थांबवून शौचात त्याच जिवाणूचे अंश (अँटिजेन) शोधणारी चाचणी केली. पॉझिटिव्ह. म्हणजे जिवाणूही होता आणि गोळ्याही होत्या. दोघांनी मिळून काम केलं होतं. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये हा जिवाणू वाढवून दाखवला, २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तरी आपल्याकडे अल्सरचा दोष अजून मिरचीच्या ठेच्यालाच जातो. ठेच्याने आग वाढेल, अल्सर होत नाही.

बिस्मथ आणि दोन प्रतिजैविकं असलेला चौदा दिवसांचा कोर्स झाला. तोंड कडू पडतं, मळमळतं, बिस्मथने शौच पुन्हा काळी होते. हे आधीच सांगून ठेवलं नसतं तर तात्यांनी घाबरून मध्येच सोडला असता. कोर्स संपल्यावर चार आठवड्यांहून जास्त काळ जाऊ देऊन, आम्ल दाबणारी गोळी त्यात दोन आठवडे बंद ठेवून, चाचणी परत केली. निगेटिव्ह. हिमोग्लोबिन १३ च्या पुढे गेलं होतं.

दुर्बीण दुसऱ्यांदा करायची गरज पडली नाही. अल्सर जठरात असता तर तुकडा तपासावा लागला असता आणि भरून आल्याची खात्री पुन्हा दुर्बीण घालून करावी लागली असती, कारण जठराचा कर्करोग अल्सरचं रूप घेऊन येतो. ड्युओडेनममध्ये तशी भीती फार कमी.

वेगळं काय करता आलं असतं

हाडांच्या डॉक्टरांना नावं ठेवणं सोपं आहे. रुग्ण पाठ दाखवत होता आणि एमआरआयमध्ये काहीतरी सापडलंही. पण दुखत होतं पात्यांच्या खाली आणि सापडलं कमरेत, ही तफावत कागदावर समोर होती. सापडलेली गोष्ट आणि दुखणारी जागा जुळते का, एवढा एक प्रश्न राहून गेला.

त्याहून मोठी संधी हिमोग्लोबिनच्या वेळी निसटली. पाळी येणाऱ्या बाईत किंवा कुपोषित मुलात १०.२ ला लोह देऊन बघणं समजू शकतं. पन्नाशीच्या, रोज वेदनाशामक घेणाऱ्या पुरुषात रक्त कमी झालं तर ते गेलं कुठे हे आधी शोधावं लागतं. इथे लोहाने दोन तोटे केले : प्रश्न झाकला आणि शौचाच्या काळ्या रंगाला सबब मिळवून दिली.

पॅन्टोप्राझोल सोडण्याचं खापर तात्यांवर फोडणं मला पटत नाही. "पित्ताची गोळी" हे नाव आपणच दिलंय. चिठ्ठी देताना "ही त्या गोळीच्या जोडीची, एक घेतली तर दुसरी घ्यायचीच" असं म्हटलं असतं तर बहुतेक घेतली असती. मेडिकलवाल्याने विनाचिठ्ठी महिनोन्महिने तीच पट्टी देत राहणं, हा वेगळा आणि मोठा विषय आहे.

एका गोष्टीवर आमच्यातच एकमत नाही. एका सहकाऱ्याचं म्हणणं, तात्यांना आल्याबरोबर पाठवायला हवं होतं. प्रश्नोत्तरांत वेळ गेला. मला वाटतं त्या प्रश्नांशिवाय भाऊ तयार झाला नसता आणि तात्या इंजेक्शन घ्यायला दुसऱ्या दवाखान्यात गेले असते. पण नाडी आणि उभ्याचा रक्तदाब प्रश्नांच्या आधी मोजायला हरकत नव्हती, हे त्याचं म्हणणं मान्य.

तात्यांच्या गाडीच्या कागदपत्रांत आता एक चिठ्ठी असते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक, निमेसुलाइड, ॲस्पिरिन : विचारल्याशिवाय नाही, इंजेक्शनही नाही. अंग दुखलं तर साधी पॅरासिटामॉल, तीही ठरवून दिलेल्या मर्यादेत. डांबरासारखी शौच, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, उभं राहताना घेरी, पोटात अचानक असह्य कळ, यांतलं काहीही झालं तर गाडी बाजूला घेऊन १०८. तंबाखू सुटलेली नाही. त्यावर काकूंची आणि आमची खटपट चालू आहे.